"कशावरून?": विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचं नॅनो प्रशिक्षण, प्रत्यक्ष हातानं करून

आठ गटांपुढे आठ बीकर होते आणि आठही बीकरमधलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क घातला की सिल्व्हर नायट्रेटमधून चांदीचे नॅनोकण तयार होतात, द्रावण पिवळसर-तपकिरी होतं, हे मी अर्धा तास फळ्यावर समजावलं होतं. इथं तर अर्क अजून कुणी घातलाही नव्हता. मागच्या बाकावरच्या एका मॅडमनी विचारलं, "सर, पाणी कुठलं घेतलंत?"

पाणी शाळेच्या बोअरचं होतं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन माझ्याच गाडीच्या डिकीत राहिला होता आणि उन्हातनं परत कोण जातंय म्हणून मी "चालतंय की" म्हणालो होतो. आपल्याकडच्या बोअरला क्लोराइडची कमी नाही. चांदीला क्लोराइड भेटलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. पाण्यातल्या क्षारांची परीक्षा आम्ही नकळत झकास केली होती, नॅनोकणांचा मात्र पत्ता नव्हता.

पुढचं सगळं अशाच चुकांमधून जमवलेलं आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेत, कनिष्ठ महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या केंद्रावर विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचं नॅनोतंत्रज्ञानाचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर ते कसं आखावं, हे इथं क्रमानं सांगतो. एक गोष्ट आधीच सांगतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. तो दिसत नाही, म्हणून हा विषय शिकवताना आपण पटकन स्लाइडवर जातो: केसाचं चित्र, शेजारी ठिपका, खाली "केसाच्या जवळपास एक लाखावा भाग". लेकरं मान डोलावतात. एखादं लेकरू विचारतं, "कशावरून?" तिथं आपण गप्प होतो. म्हणून दोन दिवसांतला प्रत्येक प्रयोग याच एका प्रश्नासाठी निवडलेला आहे. ज्या प्रयोगाला "कशावरून?" विचारता येत नाही, तो कितीही देखणा असला तरी मी काढून टाकला आहे.

कधी आणि किती जणांचं

दिवाळीनंतरचे आठवडे ते डिसेंबर हा काळ उत्तम. जूनमध्ये प्रवेशाची धांदल आणि आभाळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मेमध्ये ऊन असं की अल्कोहोल बाटलीतून बाहेर येईपर्यंत उडून जातं. शिवाय चांदीच्या प्रयोगाला दुपारचं स्वच्छ ऊन लागतं, आणि हिवाळ्यात ते फुकट मिळतं.

शिक्षक २४ असावेत, गट तिघांचे. चौघांचा गट केला की चौथे सर चहाची चौकशी करायला जातात, हा अनुभव आहे. तिघांत एकानं करायचं, दुसऱ्यानं मोजायचं, तिसऱ्यानं लिहायचं आणि प्रत्येक प्रयोगाला जागा बदलायची. भौतिकशास्त्राचे, रसायनशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे शिक्षक मुद्दाम मिसळा. आठवी-नववीला शिकवणारे आणि बारावीला शिकवणारेही एकत्र बसू द्या. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हरित रसायनशास्त्र आणि नॅनोरसायनशास्त्राचं प्रकरण आहेच, आणि कलिल (द्रवात न विरघळता तरंगत राहणारे बारीक कण) हा शब्द शाळेतही येतो. दोघांना एकमेकांकडून घेण्यासारखं असतं.

सामान, आणि पाण्याची परीक्षा

बरंचसं सामान घरचं आहे: स्टीलच्या मोठ्या पराती, टाल्कम पावडर, मलमलचं फडकं, जुन्या सीडी, बुटांचे खोके, छत्रीच्या बारीक काड्या, फ्रिजवर चिकटवायचे लवचीक चपटे चुंबक. विकत आणायचं ते एवढंच: ओलिक आम्लाची (खाद्यतेलांत असणारं, तेलासारखंच आम्ल) छोटी बाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ड्रॉपर, गाळणकागद, हातमोजे, चष्मे, लाल लेझर पॉइंटर. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात हे मिळतं. सिल्व्हर नायट्रेट बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत असतंच, कारण क्षारपरीक्षणाला ते लागतं. बाटली तपकिरी असावी आणि आतले स्फटिक पांढरे. करडे-काळे पडले असतील तर ते घेऊ नका.

लेझर लालच घ्या, ५ मिलिवॉटच्या आतला. स्वस्तातले हिरवे लेझर लेबलवर लिहिलेल्यापेक्षा जास्त शक्तीचे निघतात. डोळ्यांचा प्रश्न आहे, तिथं हौस नको.

आता पाणी. चांदीच्या प्रयोगाला डिस्टिल्ड पाणीच लागतं. जारचं पाणी चालत नाही, कारण आरओमधून गेलं तरी त्यात थोडं क्लोराइड उरतं. बॅटरीच्या दुकानातलं पाणी कधी चांगलं निघतं, कधी नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी परीक्षा घ्या: परीक्षानळीत ५ मिलिलिटर पाणी, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब, मागे काळा कागद. पाणी आरपार स्वच्छ राहिलं तर पास, धुरकट झालं तर कॅन परत. मी आता ही परीक्षा शिक्षकांसमोरच करतो. एका नळीत बोअरचं, दुसरीत जारचं, तिसरीत डिस्टिल्ड. तीन नळ्या शेजारी ठेवल्या की माझ्या पहिल्या दिवसाची फजिती सांगायची गरजच पडत नाही.

पहिला दिवस, सकाळ: कागद आणि दीड एकर

प्रत्येकाला १० सेंटिमीटर लांब कागदाची पट्टी आणि कात्री द्या. पट्टी अर्धी कापा, त्यातला एक तुकडा पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. सातव्या-आठव्या कापाला सगळे थांबतात, तुकडा मिलिमीटरपेक्षा लहान झालेला असतो. मग विचारा, नॅनोमीटरच्या आत जायला एकूण किती काप लागतील? अंदाज हजारांत येतात. उत्तर २७. दहा मिनिटांत संपवा, यावर रेंगाळू नका.

त्यानंतरचं गणित मात्र फळ्यावर सावकाश करा. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटरचे हजार घन केले तर पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर. एक नॅनोमीटरचे घन केले तर? ६,००० चौरस मीटर. शिक्षकांना चौरस मीटर सांगून काही वाटत नाही, म्हणून गुंठ्यांत करायला लावा. साधारण ५९ गुंठे, म्हणजे जवळपास दीड एकर. साखरेच्या एका चौकोनी खड्याएवढ्या वस्तूतून दीड एकर रान निघतं, हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती अनुभवण्यासारखी असते. वस्तुमान तेवढंच, पण बाहेरच्या जगाला भिडणारा भाग एक कोटी पट. बारीक झालेला पदार्थ वेगळा का वागतो, याची निम्मी गोष्ट इथंच सांगून होते.

परात: रेणूची जाडी पट्टीनं मोजायची

दोन दिवसांतला माझा सगळ्यात आवडता प्रयोग हा. यात शाळेच्या पट्टीनं नॅनोमीटर मोजला जातो.

बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं. लाटा शमत गेल्या आणि जवळपास अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. चमचा म्हणजे ५ मिलिलिटर धरा, अर्धा एकर म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. भागाकार केला तर थराची जाडी अडीच नॅनोमीटरच्या आसपास येते. फ्रँकलिननं हा भागाकार केला नाही. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाच्या बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या पाण्यावरचे तेलाचे पापुद्रे पाहत पृष्ठताण मोजायचं साधन बनवलं. विद्यापीठाचं दार त्यांच्यासाठी बंद होतं. त्यांनी इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं आणि १८९१ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. परात हातात देण्याआधी मी ही गोष्ट सांगतोच, विशेषतः "आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही" म्हणणाऱ्या सरांसाठी.

कृती अशी. १ मिलिलिटर ओलिक आम्ल अल्कोहोलमध्ये मिसळून एकूण २० मिलिलिटर करा. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन पुन्हा २० मिलिलिटर करा. आता द्रावणात ४०० भागांत एक भाग आम्ल आहे. हे द्रावण वापरायच्या ड्रॉपरनं १ मिलिलिटरमध्ये किती थेंब बसतात ते मोजा. ड्रॉपर उभा धरा, दर वेळी तोच ड्रॉपर. समजा ५० थेंब बसले. मग एक थेंब ०.०२ मिलिलिटर, आणि त्यात शुद्ध आम्ल ०.००००५ घन सेंटिमीटर.

परातीत दोन बोटं पाणी घाला. हे साधं पाणी चालतं, बोअरचंसुद्धा. पाणी पूर्ण स्थिर होऊ द्या, पंखा बंद करा. (लोडशेडिंगचा उपयोग होणारा हा एकमेव प्रयोग.) मलमलच्या फडक्यात पावडर बांधून पाण्यावर अगदी हलकी भुरभुरा, जेमतेम दिसेल इतकी. जास्त झाली तर पावडरचीच साय धरते आणि थेंब तिला ढकलू शकत नाही. हळद वापरू नका, तिच्यात स्वतःचं तेल असतं. रांगोळी तर सरळ बुडते. हे दोन्ही उपाय लोकांनी माझ्यासमोर करून पाहिलेले आहेत.

आधी नुसत्या अल्कोहोलचा एक थेंब टाका. पावडर बाजूला सरकते आणि थोड्या वेळात परत जवळ येते. ही पायरी कुणी गाळू नये. ती गाळली तर "पावडर तेलानं सरकली की अल्कोहोलनं?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही. मग दुसऱ्या ठिकाणी किंवा नव्या पाण्यावर द्रावणाचा एक थेंब. पावडर झटकन फाकते आणि मधे स्वच्छ गोल तसाच राहतो. गोल क्वचितच गोल असतो. दोन दिशांनी व्यास मोजा आणि सरासरी घ्या.

व्यास १८ सेंटिमीटर आला तर क्षेत्रफळ साधारण २५४ चौरस सेंटिमीटर. आम्लाच्या घनफळाला त्यानं भागा. जाडी येते साधारण २ नॅनोमीटर. एका रेणूची उंची! गटागणिक उत्तर १ पासून ४ पर्यंत फिरतं आणि फिरू द्यावं. फळ्यावर आठही आकडे लिहा आणि फरक कुठून आला ते शिक्षकांनाच शोधू द्या. थेंबाचा आकार, गोलाचा वेडावाकडेपणा, थर खरंच एकाच रेणूचा आहे हे आपण धरून चाललो ते. शेवटचा मुद्दा कुणाच्या तोंडून आला तर त्या गटाला दुपारी पहिला चहा.

परातीचा शत्रू साबण. साबणाचा पुसटसा थर राहिला तरी तेलाला पसरायला जागा मिळत नाही. परात साध्या पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळून घ्या.

बारा वाजता: चांदी उन्हात

चांदीचा प्रयोग दुसऱ्या दिवसावर टाकू नका. पहिल्या दिवशी बाराच्या सुमारास लावला तर जेवण होईपर्यंत रंग येतो आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहता येतो.

अर्क सकाळीच करून ठेवा. कडुनिंबाची ताजी पानं १० ग्रॅम घ्या, आधी साध्या आणि मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, बारीक चिरा, १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करा. आधी फडक्यातून, मग गाळणकागदातून गाळा. घाई करून नुसत्या फडक्यावर भागवू नका, का ते पुढं येतं.

सिल्व्हर नायट्रेट ०.१७ ग्रॅम, १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात. हे झालं १० मिलिमोलर मूळ द्रावण. त्याचं दहा पट विरळ करा म्हणजे १ मिलिमोलर. शाळेच्या तराजूवर याहून कमी वजन भरवशाचं येत नाही, म्हणून हा दोन पायऱ्यांचा मार्ग. आठ गटांना मिळून २५० मिलिलिटर विरळ द्रावण पुरतं. त्यात सिल्व्हर नायट्रेट जातं साधारण ४३ मिलिग्रॅम. "महाग प्रयोग आहे" असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना हा आकडा दाखवा.

प्रत्येक गटाला चार नळ्या, सगळ्या डिस्टिल्ड पाण्यानं विसळलेल्या:

अ: ९ मिलिलिटर चांदीचं द्रावण, १ मिलिलिटर अर्क, उन्हात.
ब: तेच मिश्रण, पण नळीला ॲल्युमिनियमची चंदेरी पट्टी गुंडाळून सावलीत.
क: ९ मिलिलिटर चांदीचं द्रावण, १ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, उन्हात.
ड: ९ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, १ मिलिलिटर अर्क, उन्हात.

दर पाच मिनिटांनी रंग लिहायचा. भर उन्हात 'अ' नळी काही मिनिटांत पिवळसर होऊ लागते आणि पुढं तपकिरी होत जाते. 'ब' मागे राहते. 'ड' फिकट हिरवट-पिवळीच. 'क' रंगहीन राहायला हवी. ती करडी झाली तर नळीत मळ होता.

हातमोजे आणि चष्मा सक्तीचा. सिल्व्हर नायट्रेट डोळ्याला घातक आहे आणि कातडीवर पडलं तर काळा डाग उमटतो, तोही लगेच नाही. घरी गेल्यावर, चहाचा कप धरताना दिसतो आणि बरेच दिवस जात नाही. पांढरे शर्ट घालून येऊ नका, असं निमंत्रणातच लिहा. आणखी एक ताकीद: या द्रावणात अमोनिया मिसळून ठेवू नका. तसं मिश्रण साठवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. जिवाणू वाढवून "चांदी जंतू मारते" दाखवण्याचा मोहही टाळा. त्याला निर्जंतुकीकरणाची सोय लागते, ती आपल्याकडे नसते.

रंग का बदलतो? पानातले पदार्थ चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, चांदीचे अणू जुळून कण होतात आणि पानातलेच काही रेणू त्या कणांभोवती वेढा घालून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. एवढ्या लहान कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश आला की एका तालात हलतात. ज्वारीच्या रानावरून वारा गेला की सगळं रान एकदम डोलतं, तसं. चांदीच्या कणांत हे डोलणं जांभळ्या-निळ्या प्रकाशाला जुळतं, तो प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला पिवळा दिसतो. मायकेल फॅरडेनं १८५७ मध्ये सोन्याचं माणकासारखं लाल द्रावण बनवलं आणि धातूचे कण बारीक झाले की रंग बदलतो हे ओळखलं. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा लागायचा होता.

दुपार: लग्नाची सीडी, बुटांचा खोका

नळ्या उन्हात असताना सीडी घ्या. प्रत्येक घरात लग्नाच्या शूटिंगची एक तरी सीडी धूळ खात पडलेली असते. विचारून आणा, बाकी मी काही सांगत नाही.

जाड कागदाला भोक पाडा, त्यातून लेझर सरळ सीडीवर टाका. किरण सीडीच्या उजव्या किंवा डाव्या कडेजवळ पडू द्या, म्हणजे ठिपके आडवे पसरतात. कागद आणि सीडी यांत २० सेंटिमीटर अंतर ठेवलं, लेझर ६५० नॅनोमीटरचा असला, तर पहिला ठिपका मधल्यापासून साधारण ९ सेंटिमीटरवर येतो. त्यावरून कोन आणि कोनावरून सीडीवरच्या रेघांमधलं अंतर: १,६०० नॅनोमीटर. डीव्हीडी लावली तर ठिपके लांब पळतात, कारण तिथं अंतर ७४० आहे. अंतर १० सेंटिमीटरवर आणा, नाहीतर ठिपका कागदाबाहेर जातो. १ ते १०० नॅनोमीटर हा नॅनोचा रूढ टापू धरला तर यातलं काहीच नॅनो नाही, हेही स्पष्ट सांगा. पण न दिसणारं अंतर प्रकाशानं मोजता येतं, हे इथं हाताला कळतं.

खोक्याचा खेळ अर्ध्या तासाचा. बुटांच्या खोक्यात मातीचा किंवा पुठ्ठ्याचा डोंगर चिकटवा, झाकणाला चौकटीत भोकं पाडा, झाकण बंद. गटानं काडी प्रत्येक भोकातून खाली सोडून किती आत गेली ते लिहायचं आणि आकड्यांवरून डोंगर कागदावर काढायचा. न पाहता, चाचपून चित्र. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ मध्ये बनवलेल्या सूक्ष्मदर्शीचा गाभा हाच, फरक इतका की त्यांची सुई टेकत नाही, सुई आणि पृष्ठभाग यांमधल्या विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून उंची ओळखते. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फ्रिजच्या चुंबकाची बारीक पट्टी कापून तिच्याच जातीच्या चुंबकावरून ओढली तर एका दिशेला ती टकटक उड्या मारते, दुसऱ्या दिशेला सपाट सरकते. आतले चुंबकीय पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात.

दुसरा दिवस: लेझरचा सापळा

सकाळी नळ्या पाहा. मग बहुतेक प्रशिक्षणांत होतं ते करू द्या: खोलीत अंधार, 'अ' नळीतून लेझर, आणि लाल रेघ झळकताच "बघा, नॅनोकण आहेत!"

आता 'ड' नळीतून लेझर टाका. तिथंही रेघ दिसते. नुसत्या पानाच्या अर्कातही कलिल असतंच. तीस-तीस वर्षं शिकवलेल्या सरांना मी या क्षणी खुर्चीत पुढं सरकताना पाहिलं आहे. टिंडल परिणाम (बारीक कणांमुळे प्रकाशाची वाट दिसणं) खोटा नाही, पण चांदीच्या नॅनोकणांचा तो पुरावा नाही. अर्क गाळणकागदातून नीट गाळला असेल तर 'ड'मधली रेघ पुसट होते, 'अ'मधली ठळक राहते, आणि फरकावर बोलता येतं. तरी दाव्याची भाषा बदलावी लागते: "अ आणि ड मध्ये फरक आहे, रंगात आणि रेघेत. तो चांदीमुळे असावा, कारण क मध्ये चांदी असून रंग नाही आणि ड मध्ये अर्क असून तपकिरी रंग नाही." हे वाक्य आठही गटांकडून लिहून घ्या. याला वेळ लागतो, लागू द्या.

पुढचा पुरावा उपकरणाचा. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ किंवा जवळचं पदव्युत्तर रसायनशास्त्र विभाग असलेलं महाविद्यालय, यांपैकी कुठंतरी दुपारची भेट महिनाभर आधी पत्रानं ठरवा. आठ गटांच्या बत्तीस नळ्या घेऊन जाऊ नका. एकाच गटाच्या अ, ब, ड पुरेत, नीट लेबल लावून. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं उपकरण) नमुना विरळ करून आणि 'ड'शी तुलना करून पाहिला तर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान उंचवटा दिसतो. तो दिसला की चांदीच्या कणांबद्दल खात्रीनं बोलता येतं. पण ही तरंगलांबी प्रकाशाची आहे, कणाचा आकार ४२० नॅनोमीटर नाही. ही गफलत इतकी सर्रास होते की मी ती फळ्यावर आधीच लिहून ठेवतो. आकार पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी लागतो.

त्याच भेटीत टाकाऊ द्रावणाचा कॅन सोबत न्या आणि आधी विचारून त्यांच्या रासायनिक कचऱ्यात द्या. नालीत ओतू नका, झाडांना घालू नका. मातीतल्या जिवाणूंना चांदी सोसत नाही.

नॅनो युरियाचा प्रश्न येणारच

लेकरांचे आईबाप शेतकरी. नॅनो म्हटलं की त्यांच्यासमोर खताची बाटली येते. टाळू नका, त्याचाच तास करा. इफ्कोनं २०२१ मध्ये आणलेली पहिली नॅनो युरियाची बाटली अर्ध्या लिटरची, नायट्रोजन ४ टक्के. म्हणजे सुमारे २० ग्रॅम. साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या वर. हजार पट फरक. उत्पादकांचं म्हणणं, बारीक कण पानातून थेट आत जातात आणि वाया जात नाहीत. कृषिशास्त्रज्ञांत यावर मतभेद आहेत. नंतर जास्त नायट्रोजनच्या बाटल्याही आल्या, तेव्हा लेबल हातात घेऊनच आकडा लिहायला लावा.

शिक्षकांनी इथं बाजू घेऊ नये. सोयाबीनच्या चार ओळींत खरं कसं तपासायचं, याचा आराखडा गटानं करावा. हमखास विसरली जाते ती नुसत्या पाण्याची फवारणी केलेली ओळ. परातीतला अल्कोहोलचा थेंब आणि 'ड' नळी आठवली की ती ओळ आपोआप येते. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या एखाद्या तज्ज्ञांना तासभर बोलावता आलं तर फारच बरं.

घरी काय न्यायचं

प्रत्येकाला ओलिक आम्लाच्या तयार द्रावणाची छोटी बाटली, एक ड्रॉपर आणि चुंबकाचे दोन तुकडे द्या. सिल्व्हर नायट्रेट सुटं वाटू नका. शेवटच्या तासाला एकच काम: आपल्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेत यातला कोणता प्रयोग बसतो आणि कितव्या मिनिटाला काय होईल, हे एका पानावर. परात बसते, सीडी बसते. चांदी दोन तासिकांत, मधे जेवणाची सुट्टी धरून.

प्रशिक्षणानंतरचा व्हॉट्सॲप गट दोन दिवसांत प्रमाणपत्रांच्या फोटोंनी भरतो. म्हणून आमचा नियम असा: फोटो नको, वर्गातल्या परातीचा व्यास, मिलिलिटरमधले थेंब आणि आलेली जाडी पाठवा. गेल्या खेपेला पहिल्या महिन्यात पाच जणांचे आकडे आले. चार १ ते ३ नॅनोमीटरमध्ये होते. पाचवा २०. फोन केला, तर सर म्हणाले की परात पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातनं आणली होती, मावशींनी नुकतीच साबणानं लख्ख घासून दिली होती.